उंदीर कोपऱ्यात, टिंब भिंतीवर: ट्रॅकिंग पुन्हा पुन्हा उडतं तेव्हा

लक्षणं

उंदराच्या वर्तनाच्या प्रयोगात वरून व्हिडिओ काढतात, आणि सॉफ्टवेअर त्यातल्या उंदरावर टिंब ठेवून त्याचा मार्ग नोंदतं. हेच ट्रॅकिंग. ओपन फील्ड (मोकळी पेटी) असो, प्लस मेझ (अधिक चिन्हासारखा, उघडे आणि बंद फाटे असलेला मंच) असो की नवी वस्तू ओळखण्याची चाचणी, तक्रार घेऊन येणारा माणूस साधारण यांतलंच काहीतरी सांगतो:

- टिंब उंदराची पाठ सोडून क्षणभर भलत्याच कोपऱ्यात जातं आणि परत येतं. मार्गाच्या नकाशावर लांब, सरळ रेघा उमटतात.
- उंदीर निवांत बसलेला असतो, तरी चाललेलं अंतर वाढतच राहतं.
- उंदीर भीतीने गोठून बसला की टिंब विझतं, हलला की पुन्हा पेटतं.
- नाकाचं टिंब शेपटीच्या मुळाशी आणि शेपटीचं नाकावर.
- मध्यभागात शिरल्याची संख्या शेकड्यांत. प्रत्यक्षात उंदीर सीमारेषेवर बसून मिशा साफ करत होता.
- सकाळचे व्हिडिओ ठीक, दुपारचे बिघडलेले.
- दोन उंदीर बिलगून सुटले की त्यांची ओळख उलटी होते.
- एकाच गटातल्या उंदरांचं ट्रॅकिंग जास्त सुटतं.

हे शेवटचं लक्षण कुणी आपणहून सांगत नाही. विचारावं लागतं आणि सगळ्यांत महाग तेच पडतं. प्लस मेझच्या बंद फाट्यांत अंधार असतो आणि घाबरलेला उंदीर तिथेच जास्त वेळ काढतो. काळा उंदीर तिथे शिरला आणि सॉफ्टवेअरला दिसेनासा झाला, तर बंद फाट्यांतला वेळ कमी नोंदला जातो. कागदावर मात्र दिसतं की उंदराची भीती कमी झाली. औषधाच्या गटात हे जास्त घडलं, तर तुम्ही औषधाचा गुण म्हणून कॅमेऱ्याचा दोष छापाल.

सॉफ्टवेअरला नेमकं काय दिसतं

एथोव्हिजन आणि एनी-मेझ या ट्रॅकिंग सॉफ्टवेअरची नेहमीची पद्धत किंवा फुकट मिळणारं ईझीट्रॅक, यांचं मूळ तत्त्व एकच. रिकाम्या अरीनाचं (उंदीर सोडतात त्या पेटीचं किंवा मंचाचं) चित्र घ्यायचं, प्रत्येक फ्रेम त्याच्याशी ताडून बघायची, ठरावीक मर्यादेपेक्षा (थ्रेशोल्ड) जास्त फरक दिसला त्या ठिपक्यांना ‘प्राणी’ समजायचं आणि त्यांचा मध्यबिंदू काढायचा. उंदीर म्हणजे काय हे सॉफ्टवेअरला ठाऊक नसतं. इथे काहीतरी वेगळं आहे, एवढंच त्याला कळतं. मग ती लेंडी असो, भिंतीतलं प्रतिबिंब असो की तुमच्या डोक्याची सावली.

२०१८ मध्ये आलेलं डीपलॅबकट किंवा २०२२ चं स्लीप (SLEAP) यांची गोष्ट वेगळी. माणसाने खुणा केलेल्या फ्रेम्सवरून ती नाक, कान, शेपटीचं मूळ ओळखायला शिकतात. पण शिकताना जे दाखवलं नाही, ते त्यांनाही ओळखता येत नाही.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी अरीना, मग कॅमेरा, मग फाइल आणि अगदी शेवटी सॉफ्टवेअरच्या सेटिंग्ज. बहुतेक जण उलटं करतात. थ्रेशोल्डचा स्लायडर सरकवायला दोन सेकंद लागतात आणि टिंब जागेवर आल्यासारखं वाटतं. दोष तसाच राहतो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या वेषात हजर होतो.

१. टिंबासकट व्हिडिओ बघा

फुकट, आणि तरीही सर्वांत जास्त टाळली जाणारी तपासणी. आलेख बघू नका. सीएसव्ही (आकड्यांची फाइल) उघडू नका. टिंब चिकटवलेला व्हिडिओ लावा आणि जिथे टिंब उडतं ती जागा फ्रेमफ्रेमने बघा. एक प्रश्न विचारा: टिंब जिथे गेलं तिथे काय आहे? नेहमी एकाच जागी जात असेल तर तिथे डाग, लेंडी, चकाकी किंवा स्क्रू असणार. दर वेळी वेगळ्या जागी जात असेल तर उजेड किंवा कॅमेरा. ठरावीक वेळेला उडत असेल तर खोलीत त्या वेळी काय होतं ते शोधा: दार उघडतं, कुणी वाकून बघतं, खिडकीतून ऊन सरकतं.

उडी खरी की खोटी हे ठरवायलाही याचा उपयोग होतो. ३० फ्रेम प्रति सेकंद असताना सेकंदाला १०० सेंटिमीटर वेगाने धावणारा उंदीरसुद्धा एका फ्रेममध्ये साधारण ३.३ सेंटिमीटरच पुढे जातो. एका फ्रेममध्ये दहा-पंधरा सेंटिमीटरची झेप दिसली तर तो उंदीर नव्हे.

२. पुसा आणि वाळू द्या

लेन्सवर बोटाचा ठसा असतो, पाहिलेला नसतो. मऊ कापडाने पुसा. अरीनाच्या तळावर ७० टक्के इथेनॉल फवारून लगेच पुढचा उंदीर सोडला, तर ओल चकाकते आणि वाळता वाळता तिचा आकार बदलतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने हा हलणारा प्राणीच झाला. तळ पूर्ण कोरडा होऊ द्या. वासाच्या दृष्टीनेही ते बरं.

चाचणी चालू असताना पडणाऱ्या लेंड्या आणि मुताचे डाग टाळता येत नाहीत. लेंडीसाठी सॉफ्टवेअरमध्ये प्राण्याच्या किमान आकाराची अट असते, ती वापरा. मुताच्या चकाकीवर उपाय उजेडाची दिशा बदलणं हाच. त्याकडे पुढे येतो.

३. कॅमेऱ्यातलं जे जे ‘ऑटो’ आहे ते बंद करा

ऑटो एक्स्पोजर, ऑटो व्हाइट बॅलन्स, ऑटो फोकस: तिन्ही बंद. ऑटो एक्स्पोजर चालू असेल तर काळा उंदीर पांढऱ्या तळावर मध्यभागी आला की कॅमेऱ्याला चित्र काळवंडल्यासारखं वाटतं आणि तो सगळी फ्रेम उजळवतो. रिकाम्या अरीनाचं चित्र जुन्याच उजळपणाचं असतं. मग अख्खा तळच ‘वेगळा’ दिसतो आणि टिंब वाट्टेल तिथे जातं. उंदीर बाहेर ठेवून कॅमेऱ्याखाली काळा हातमोजा धरा आणि काढा. तळाचा उजळपणा बदलताना दिसला तर ऑटो चालूच आहे, मेनूत काहीही लिहिलेलं असो. काही वेबकॅम संगणक पुन्हा सुरू केल्यावर गुपचूप ऑटोवर परत जातात, म्हणून ही चाचणी दिवसातून एकदा, पहिल्या उंदराआधी.

४. रिकाम्या अरीनाचं चित्र ताजं घ्या

गोठला की गायब होणाऱ्या टिंबाचं कारण बहुधा इथे सापडतं. काही सेटिंग्जमध्ये पार्श्वभूमी, म्हणजे हे रिकामं चित्र, व्हिडिओ चालू असताना सतत नवी होत राहते. उजेड हळूहळू बदलत असेल तर ही सोय कामाची आहे. पण उंदीर एका जागी पुरेसा वेळ बसला की सॉफ्टवेअर त्यालाच पार्श्वभूमी समजायला लागतं. तो उठून गेला की रिकाम्या जागेवर ‘भूत’ उरतं आणि टिंब तिथेच बसून राहतं. भीतीच्या प्रयोगात तर थट्टाच होते: ज्या वर्तनासाठी प्रयोग मांडला, नेमकं तेच पुसलं जातं.

उपाय साधा. प्रत्येक चाचणीआधी, तळ कोरडा झाल्यावर, उंदीर आणि हात दोन्ही चौकटीबाहेर असताना काही सेकंद रेकॉर्ड करा आणि त्यातून स्थिर पार्श्वभूमी घ्या. अरीना साफसफाईत जरासा सरकतो, म्हणून त्याच्या पायांभोवती जमिनीवर टेपच्या खुणा करून ठेवा. नाहीतर टिंब बरोबर आणि त्याखालची झोनची (उदाहरणार्थ मध्यभागाची) रेघ चुकीची, असा बिघाड होतो आणि तो कित्येक महिने कुणाला दिसत नाही.

५. उजेड

इथे वेळ घाला. याच्या खालच्या निम्म्या तपासण्या या एका गोष्टीमुळे टळतात.

रिकाम्या अरीनाचा स्क्रीनशॉट काळा-पांढरा करा आणि कोणत्याही चित्र-संपादकात चार कोपरे आणि मध्यभाग यांचे पिक्सेल-आकडे वाचा. ० म्हणजे काळं, २५५ म्हणजे पांढरं. समजा मध्यभाग २०० आहे, एक कोपरा ९० आहे आणि उंदराची पाठ ५०. मध्यभागी फरक १५०, कोपऱ्यात जेमतेम ४०. एकाच थ्रेशोल्डने दोन्हीकडे काम भागवायचं तर कोपऱ्यात उंदीर सुटणार किंवा मध्यभागी सावल्या पकडल्या जाणार. आणि उंदीर बहुतेक वेळ भिंतीकडेने आणि कोपऱ्यांतच घालवतो.

असा असमान उजेड वर्तनही बिघडवतो. उंदराला अंधारा कोपरा आवडतो. एकच कोपरा सावलीत असेल तर तो तिकडे ओढला जातो, आणि तुम्ही जागेच्या आवडीचा निष्कर्ष काढता. डोक्यावरचा एकच प्रखर दिवा सगळ्यांत वाईट. दिवे छताकडे किंवा पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि परावर्तित उजेड वापरा. सावल्या आणि चकाकी दोन्ही कमी होतात.

तळाचा रंग उंदराच्या विरुद्ध हवा. सी५७ब्लॅक/६ जातीचा उंदीर काळा, त्याला पांढरा किंवा फिकट राखाडी तळ. बाल्ब/सी पांढरा, त्याला गडद तळ. एकाच प्रयोगात दोन्ही रंगांचे उंदीर असतील तर मधला राखाडी तळ ही तडजोड कुणाच्याच उपयोगाची नाही. त्यापेक्षा अर्धपारदर्शक तळाखालून इन्फ्रारेड सोडा. कोणत्याही रंगाचा उंदीर वरून काळी आकृती म्हणून दिसतो.

इन्फ्रारेडचं एक बरं आहे. उंदराच्या डोळ्यातल्या शंकूपेशी साधारण ३६० आणि ५०८ नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक संवेदनशील असतात, त्यामुळे ८५० नॅनोमीटरचा उजेड त्याला दिसत नाही. अंधारातल्या प्रयोगात तो वापरता येतो. फक्त दोन गोष्टी सांभाळा. साध्या वेबकॅममध्ये इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो, त्याला हे दिवे दिसतच नाहीत. दुसरं, आपल्याला काळं दिसणारं प्लास्टिक किंवा कापड इन्फ्रारेड कॅमेऱ्यात फिकट दिसू शकतं. तळाची निवड डोळ्यांनी न करता पडद्यावर बघून करा.

आता लुकलुक. वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असेल तर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात, ६० चा असेल तर १२० वेळा. १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे ३० फ्रेमच्या व्हिडिओत उजळपणा सेकंदाला १० वेळा हेलकावतो किंवा आडवे पट्टे सरकताना दिसतात. एक्स्पोजर १/१०० किंवा १/५० सेकंदावर बांधलं की प्रत्येक फ्रेममध्ये लुकलुकीची पूर्ण आवर्तनं मावतात आणि हेलकावा जातो. ६० हर्ट्झसाठी १/१२० किंवा १/६०.

भिंतींची चकाकी हा वेगळा त्रास. गुळगुळीत अ‍ॅक्रिलिकमध्ये उंदराचं प्रतिबिंब पडतं आणि उंदीर व प्रतिबिंब मिळून एक मोठा ठिपका होतो. मध्यबिंदू भिंतीकडे ओढला जातो. आतल्या बाजूला मॅट थर लावा. निव्वळ तळाच्या कडेवर मास्क (चित्राचा तेवढाच भाग बघायला सांगणारी चौकट) कापून प्रतिबिंब वगळण्याचा मोह होतो, पण उंदीर भिंतीला टेकून मागच्या पायांवर उभा राहिला की त्याचं डोकं चित्रात तळाच्या बाहेर दिसतं आणि मास्क तेही कापतो. म्हणून आधी चकाकी घालवा, मास्क नंतर.

अभ्यास अर्ध्यावर असताना मात्र उजेड परस्पर बदलू नका. प्रखर उजेडात उंदीर मध्यभाग टाळतो. आधीचे आणि नंतरचे उंदीर मग एका तक्त्यात ठेवता येत नाहीत.

६. फाइल खरंच किती वेगाची आहे

दहा मिनिटं, ३० फ्रेम प्रति सेकंद: १८,००० फ्रेम हव्यात. मोजा. कमी उजेडात वेबकॅम एक्स्पोजर लांबवतो आणि त्यापायी वेग १५ फ्रेमवर आणतो. फाइलमध्ये ९,००० फ्रेम येतात आणि सॉफ्टवेअर ३० धरून चाललं तर दहा मिनिटांची चाचणी पाच मिनिटांत संपते, वेग दुप्पट होतो. टिंब सगळा वेळ उंदरावर बरोबर बसलेलं असतं, म्हणून कुणाला संशय येत नाही. सुरुवातीला आणि शेवटी कॅमेऱ्यासमोर चालू स्टॉपवॉच धरा. दोन्ही वेळांतलं अंतर आणि सॉफ्टवेअरचं अंतर जुळलं पाहिजे.

मध्येच फ्रेम गळल्या तरी उड्या दिसतात. सेकंदाला ४० सेंटिमीटर वेगाने जाणारा उंदीर दहा फ्रेम गळल्या की तेरा सेंटिमीटर पुढे प्रकट होतो. अशा वेळी संगणकाची डिस्क भरत आली आहे का, एकाच वेळी किती कॅमेरे लिहितायत, यूएसबी हब मध्ये आहे का, हे बघा. फ्रेमचा वेग बदलता असेल तर एफएफएमपेग या व्हिडिओ बदलण्याच्या साधनाने स्थिर वेगाची प्रत काढा, मूळ फाइल जपून ठेवा.

७. न हलणारा उंदीर

उंदराएवढी, उंदराच्याच रंगाची वस्तू अरीनात ठेवा आणि एक मिनिट ट्रॅक करा. अंतर शून्याच्या जवळ यायला हवं. टिंब प्रत्येक फ्रेमला फक्त अर्धा मिलिमीटर थरथरलं तरी ३० गुणिले ६० फ्रेममध्ये ९० सेंटिमीटर होतात, दहा मिनिटांत ९ मीटर. कमी हालचाल करणाऱ्या गटात हा खोटा प्रवास खऱ्या फरकाला झाकून टाकतो. उपाय दोन: मध्यक-फिल्टर (लागोपाठच्या फ्रेममधली मधली जागा घेणारा) लावा आणि हालचालीला किमान मर्यादा ठेवा.

मग तीच वस्तू मोजपट्टीच्या कडेने ४० सेंटिमीटर ओढा, एकदा मध्यभागी, एकदा भिंतीजवळ. दोन आकडे वेगळे आले तर रुंद कोनाच्या लेन्सचं वाकडेपण आहे. कॅमेरा उंच नेणं आणि अरुंद कोनाची लेन्स वापरणं हे सॉफ्टवेअरने सरळ करण्यापेक्षा बरं. उंचीनेही फरक पडतो: कॅमेरा १०० सेंटिमीटरवर असेल तर मध्यापासून २० सेंटिमीटरवर बसलेल्या, ३ सेंटिमीटर उंच पाठीचं टिंब तळावर सहा मिलिमीटर बाहेर सरकलेलं दिसतं.

८. आता सेटिंग्ज

इथवर आलात तर थ्रेशोल्डला हात लावा. किमान-कमाल आकार ठरवा. शेपटीमुळे मध्यबिंदू मागे ओढला जात असेल तर ‘इरोजन’ची एक पायरी बारीक शेपटी खाऊन टाकते आणि धड उरतं. सीमेवरच्या शेकडो प्रवेशांसाठी अट घाला: आत शिरल्यानंतर ठरावीक अंतर किंवा वेळ गेल्याशिवाय प्रवेश मोजू नये.

पाच-सात फ्रेमची पोकळी आजूबाजूच्या जागांवरून भरली तर चालतं. दोन सेकंदांची भरू नका, रिकामी ठेवा आणि किती टक्के फ्रेम सुटल्या ते प्रत्येक उंदरापुढे लिहा. हा रकाना गटवार बघितलात की सुरुवातीला सांगितलेला महाग दोष समोर येतो. आणि सेटिंग बदललीत तर त्या अभ्यासातले सगळे व्हिडिओ नव्या सेटिंगने पुन्हा चालवा. फक्त बिघडलेले तेवढे दुरुस्त करणं म्हणजे काही उंदरांना वेगळी फूटपट्टी लावणं.

९. नाक-शेपटीची अदलाबदल

धडाचा आकार अंडाकृती असतो आणि उंदीर गोळा होऊन बसला की कुठलं टोक नाकाचं हे बाह्यरेषेवरून कळत नाही. नव्या वस्तूच्या चाचणीत नाकाची जागाच मोजायची असते, तेव्हा डीपलॅबकटसारखं साधन घ्या. तिथेही उड्या आल्या तर आधी खुणा तपासा. दोन जणांनी खुणा केल्या असतील तर ‘शेपटीचं मूळ’ दोघांचं वेगळं असू शकतं. झाकलेल्या अवयवावर अंदाजाने खूण करायची की सोडायची, हा नियम लिहून ठेवा.

मग जिथे चुकलं त्याच फ्रेम्स निवडून दुरुस्त करा आणि पुन्हा प्रशिक्षण द्या. त्यासाठी डीपलॅबकटमध्ये आउटलायर (फटकून वागणाऱ्या) फ्रेम काढण्याची सोय आहे. आणखी शंभर सोप्या फ्रेम घालून फार काही पदरात पडत नाही. मॉडेल प्रत्येक टिंबाला ० ते १ मध्ये देतं त्या विश्वासार्हतेच्या आकड्यावर डोळे मिटून भरवसा ठेवू नका. नेहमीची मर्यादा ०.६ असते, पण लेंडीला नाक समजून ०.९ देणारं मॉडेलही असतं. कॅमेरा, खोली किंवा उंदरांची जात बदलली की त्या नव्या व्हिडिओंतल्या फ्रेम खुणा करून घालायच्याच.

१०. अनेक उंदीर एकत्र

हे सगळ्यांत अवघड. एकसारखे दोन उंदीर एकावर एक चढून वेगळे झाले आणि ओळख उलटली, तर ती चूक शेवटपर्यंत वाहत जाते. एकूण जवळीक मोजायची असेल तर ओळख लागतच नाही, तेव्हा उगीच झगडू नका. कुणी कुणाचा पाठलाग केला हे हवं असेल तर प्रत्येक बिलगण्यानंतरची फ्रेम माणसाने तपासावी लागते. सुरक्षित रंगाची खूण किंवा त्वचेखालची आरएफआयडी (रेडिओलहरींनी ओळखता येणारी) चिप हे पक्के मार्ग, दोन्हींसाठी आधी नैतिकता समितीची परवानगी हवी.

कुठे थांबायचं

दिव्यांची लुकलुक एक्स्पोजर बांधूनही जात नसेल किंवा दिवे थरथरताना उघड्या डोळ्यांना दिसत असतील तर वायरिंग बघायला इलेक्ट्रिशियन बोलवा. प्राणिगृहातला स्विचबोर्ड स्वतः उघडू नका.

माणसाने मोजलेलं आणि सॉफ्टवेअरने मोजलेलं ताडून बघा: काही व्हिडिओ, गट माहीत नसलेले दोन निरीक्षक. दोन माणसांचं आपसात जुळतं आणि सॉफ्टवेअरचं त्यांच्याशी जुळत नाही, तर पुढचे उंदीर चालवणं थांबवा. निम्मा विदा गोळा झाला असेल तर काय ठेवायचं, काय टाकायचं हा निर्णय संख्याशास्त्रज्ञाबरोबर आणि गट न उघडता, म्हणजे कोणता उंदीर कोणत्या गटातला हे न बघता, घ्या.

टिंब बरोबर असेल आणि मार्गच विचित्र असेल, म्हणजे उंदीर एकाच बाजूला गोल फिरतोय, मान तिरकी आहे, मागचा पाय ओढतोय, तर बिघाड यंत्रात नाही. चाचणी थांबवा आणि प्राणिगृहाच्या पशुवैद्यांना त्याच दिवशी दाखवा.

सॉफ्टवेअर बंदच पडत असेल, ग्राफिक्स कार्ड ओळखलं जात नसेल किंवा कॅमेरा आणि (प्रयोगात असेल तर) लेझर यांच्या वेळा जुळत नसतील, तर कंपनीच्या मदत विभागाला किंवा लॅबमधल्या संगणकाच्या जाणकाराला गाठा. पाठवताना बिघाडाचा अर्ध्या मिनिटाचा मूळ व्हिडिओ, रिकाम्या अरीनाचं चित्र, सेटिंग्जची फाइल आणि सॉफ्टवेअरचा आवृत्ती क्रमांक एकत्र द्या. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नका, त्यावरून कुणालाच काही सांगता येत नाही.